तापाची गोळी घेताय? आधी स्ट्रिप उलटी करून बघा

ताप आला की डोलो ६५० (म्हणजे पॅरासिटामॉलच) आणि नाक गळतंय म्हणून वरून सर्दीची गोळी, कोविडमध्ये घराघरात हेच चाललं होतं, पण त्या सर्दीच्या गोळीची स्ट्रिप जरा उलटी करून बघा, बारीक अक्षरात बऱ्याचदा पॅरासिटामॉल ३२५ किंवा ५०० मिलिग्रॅम लिहिलेलं सापडतं, म्हणजे एकच औषध दोनदा पोटात. धडधाकट मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅम ही अगदी वरची हद्द, लिव्हरचा त्रास किंवा रोजची दारू असेल तर त्याहून कमी. मी तर स्ट्रिपवरच पेनने टाइम लिहून ठेवतो, तापात काही लक्षात राहत नाही.

कॉम्बिफ्लाममध्ये पॅरासिटामॉलसोबत आयबुप्रोफेन हे ताप-दुखण्याचं दुसरं औषधपण असतं. मार्च २०२० मध्ये फ्रान्सच्या आरोग्यमंत्र्यांनी कोविडमध्ये आयबुप्रोफेन टाळा म्हटलं आणि व्हॉट्सॲपवर एकच बोंब उठली, मग काही दिवसांतच डब्ल्यूएचओने टाळायची शिफारस नाही असं सांगितलं, ते मात्र कोण फॉरवर्ड करतंय! तरी अल्सर, किडनीचा त्रास किंवा जुलाब-उलट्या चालू असतील तर नकोच. आणि बीपीची टेल्मिसार्टन वगैरे चालू गोळी असल्या फॉरवर्डला घाबरून आपल्या मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांना फोन लावा.