‘छान आहे’ला दहा रुपये दंड

पियानोसाठी छोटे तुकडे लिहून एकमेकांना ऐकवणाऱ्या आमच्या पाच जणांच्या गटात ‘छान आहे’ म्हटलं की १० रुपये दंड पडतो. ‘मस्त’, ‘सुंदर’ आणि ‘काहीतरी कमी वाटतंय’ यांनाही तोच दर. पैसे बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात जमतात आणि पियानो सुरात लावणारा ट्यूनर आला की त्याच्या हातावर ठेवले जातात. दंडाची कल्पना उसनी आहे. १८५६ साली जर्मन संगीतकार ब्राम्स आणि व्हायोलिनवादक योआखिम यांनी काउंटरपॉइंटचे (एकाच वेळी चालणाऱ्या चाली एकमेकींत गुंफण्याचे) धडे सोडवून एकमेकांना तपासायला पाठवायचे असं ठरवलं होतं. ज्याचा धडा वेळेवर येणार नाही त्याने एक थालर, म्हणजे तेव्हाचं चांदीचं नाणं, पाठवायचा आणि दुसऱ्याने त्यातून पुस्तकं घ्यायची. त्यांचा दंड आळसाला होता, आमचा गुळमुळीत बोलण्याला आहे.

मी ३१ वर्षं बँकेच्या कर्ज विभागात काढली. मुलीच्या पियानोच्या क्लासबाहेर बसून कंटाळा यायचा, म्हणून ४४व्या वर्षी मीही नाव घातलं. मुलीने वर्षभरात सोडलं, माझं मात्र चालू राहिलं आणि पुढे मी दोन-दोन पानांचे तुकडे लिहायला लागले. गटात एक दातांचे डॉक्टर आहेत, एक सॉफ्टवेअरवाला मुलगा, एक कॉलेजची मुलगी आणि गोव्यात पॅरिश शाळेत सोल्फेज (सुरांची नावं म्हणत कागदावरून गायचा सराव) गिरवत मोठ्या झालेल्या एक बाई. महिन्याच्या पहिल्या रविवारी एरंडवण्यात डॉक्टरांच्या घरी जमतो, कारण अकूस्टिक, म्हणजे खरा तारांचा, पियानो फक्त त्यांच्याकडे आहे. आमच्यापैकी कुणाचंही पोट यावर नाही. तरी सात वर्षं टिकलोय, ते कसं बोलायचं हे हळूहळू शिकलो म्हणून.

पहिला नियम मी बँकेतूनच आणला. कर्जाच्या फाइलवर ‘प्रकरण कमकुवत वाटते’ असा शेरा मारला की आमचे साहेब एवढंच विचारायचे, “कुठल्या पानावर?” तसंच इथे: कुठल्या बारमध्ये? बार म्हणजे संगीताच्या कागदावर उभ्या रेघांनी पाडलेला ठरावीक ठोक्यांचा खण. (फोनवर मी “बार नंबर २३ मध्ये जरा गडबड आहे” म्हणाले तेव्हा सासूबाईंनी जपमाळ थांबवली होती.) म्हणून तुकडा पाठवणाऱ्याने प्रत्येक बारवर नंबर घालायचा. म्युझस्कोअर या संगीत लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये ते दोन क्लिकचं काम आहे, हाताने लिहीत असाल तर पेन्सिलने घाला. नंबर नसलेला कागद आम्ही परत करतो.

पाठवताना आणखी दोन गोष्टी जोडा. एक, तुकडा कच्चा आहे, अर्धा झालाय की पक्का, ते लिहा. कच्च्या तुकड्याच्या बोटांच्या नंबरांवर (कुठलं बोट कुठल्या पट्टीवर) कुणी वेळ घालवू नये आणि पक्का झालेल्याचा मधला भाग उचकटू नये. दोन, एकच प्रश्न विचारा. ‘कसं वाटलं?’ हा प्रश्न नाही. ‘बार १२ ते १६ मध्ये सूर बदलतो तो धक्का वाटतो की ओघात येतो?’ हा प्रश्न आहे. आणि रेकॉर्डिंग स्वतःच्या हाताने वाजवलेलं द्या, चुका झाल्या तरी चालतील. सॉफ्टवेअरला हात नसतात. ते १२ सुरांची कॉर्ड (एकदम दाबायचे सूर) न दमता वाजवतं, त्यामुळे जे मुळात वाजवताच येत नाही तेही ऐकायला बरं लागतं. आमच्या सॉफ्टवेअरवाल्याने एकदा डाव्या हाताला अशी उडी लिहिली होती की गोव्याच्या बाईंनी शांतपणे विचारलं, “बाबा, तिसरा हात कुणाचा?”

ऐकणाऱ्याने पहिल्यांदा कागद न बघता ऐकायचं. आपल्याकडे मैफलीत दाद द्यायची सवय असते, ती सोडू नका, पण ‘वा’ नेमकं कुठे निघालं ते घड्याळात बघून टिपून ठेवा. “४० सेकंदांवर माझी मान हलली” हे लिहिणाऱ्याला हजार कौतुकांपेक्षा उपयोगी असतं, कारण ती जागा पुढच्या दुरुस्तीत मोडायची नाही हे त्याला कळतं. दुसऱ्यांदा कागद आणि पेन्सिल घेऊन. तिसऱ्यांदा पियानोवर बसून निदान डावा हात तरी वाजवून बघायचा. माझा तरी अनुभव असा की निम्म्या सूचना या तिसऱ्या फेरीतच सापडतात.

आता बोलायचं कसं, ते एका खऱ्या तुकड्यावरून सांगते. डॉक्टरांनी सी मेजरमध्ये, म्हणजे सी हा सा धरून, एक संथ तुकडा आणला होता. मी म्हणाले, “डावा हात जड वाटतो.” त्यांनी महिनाभर डावा हात हळू वाजवायचा सराव केला. पुढच्या रविवारी तुकडा होता तेवढाच जड. चूक माझी होती. मी दुखणं सांगितलं, कुठे दुखतं ते नाही. मग कागद घेऊन बसले तेव्हा दिसलं की बार ९ ते १२ मध्ये, मधल्या सीपासून दोन सप्तकं खाली, त्यांनी सी आणि ई (आपले सा आणि ग) एकत्र दाबले होते. तिथे सीची कंपनं सेकंदाला साधारण ६५ आणि ईची ८२, म्हणजे फरक जेमतेम १७. इतके जवळचे दोन खर्ज कानाला वेगळे करता येत नाहीत, आत नुसती घरघर होते. हीच जोडी मधल्या सप्तकात वाजवली तर २६२ आणि ३३० असा ऐसपैस फरक पडतो आणि तीच गोड लागते. म्हणजे सूर बरोबर होते, पत्ता चुकला होता.

मग मी असं लिहून दिलं: “बार ९, पहिला ठोका. खालचे सी-ई एकत्र आले की मला सूर नाही, गढूळ आवाज ऐकू येतो. ई एक सप्तक वर नेऊन बघणार का?” आधी जागा, मग कानाला काय झालं, मग कारण ठाऊक असेल तर कारण, आणि अगदी शेवटी उपाय, तोही प्रश्नार्थक. हा क्रम उलटला की समोरचा उपायाशीच भांडत बसतो. डॉक्टरांनी ई वर नेला. सी ते वरचा ई हे अंतर माझ्या हातात मावत नाही, त्यांच्याही नाही, म्हणून त्यांनी सूर लांबवणारं पेडल धरून ते सूर एकामागून एक सोडले. तो तुकडा आता तिथेच सगळ्यात जास्त श्वास घेतो, आणि ही युक्ती त्यांची, माझी नव्हे.

बोलण्याआधी आणखी एक तपासणी करा: तक्रार नक्की कुणाबद्दल आहे? रचनेबद्दल, वाजवण्याबद्दल, कागदाबद्दल की वाद्याबद्दल? भूपाच्या सुरांवर बेतलेला माझा एक तुकडा मी मावशीला ऐकवला. ती पन्नास वर्षं तानपुऱ्यावर गातेय. म्हणाली, “चाल गोड आहे गं, पण तुझा गंधार चढा लागतोय.” मी रात्रभर कॉर्ड बदलत बसले. वास्तविक पियानोचा गंधार चढाच असतो. सप्तकाचे १२ सारखे भाग केल्यामुळे तो तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा १४ सेंटने वर बसतो, म्हणजे अर्ध्या सुराच्या सातव्या हिश्श्याएवढा. मावशीचा कान शंभर टक्के खरा, पण त्यावर माझ्याकडे इलाज नाही. पावसाळ्यात तर डॉक्टरांच्या पियानोचं लाकूड दमट होऊन फुगतं, दोन-तीन पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. जुलैमधल्या सूचना आम्ही जरा हातचं राखूनच घेतो.

कागदाच्या तक्रारी मात्र तोंडी सांगूच नका, पेन्सिलने खूण करून द्या. डी मेजरमध्ये एफ शार्पऐवजी (एफच्या अर्धा सूर वर) जी फ्लॅट (जीच्या अर्धा सूर खाली) लिहिला तर पट्टी तीच दाबली जाते, पण वाचणारा दर वेळी ठेचकाळतो. ही नुसती शुद्धलेखनाची चूक आहे. त्यावर चहाची दहा मिनिटं घालवली की संगीतावर बोलायचं राहून जातं.

आता ऐकून घेण्याबद्दल. हे मला फार जड गेलं, अजूनही जातं. आमच्याकडे ज्याचा तुकडा असतो त्याने सगळ्यांचं बोलून होईपर्यंत फक्त लिहायचं. “मला तिथे पागोळ्या दाखवायच्या होत्या” असं सांगायची ऊर्मी येते, ती गिळायची. पागोळ्या ऐकू आल्या नाहीत, हीच तर बातमी आहे. घरी जाऊन दोन दिवस वहीला हात लावायचा नाही. मग नुसते बार नंबर एका ओळीत मांडायचे.

माझ्या एका तुकड्यात बार १७ वर तिघांनी बोट ठेवलं. कॉलेजची मुलगी म्हणाली, “काकू, इथून लांबतंय, कापा.” सॉफ्टवेअरवाला म्हणाला, आखूड आहे, पहिली चाल परत यायला हवी. बाई म्हणाल्या, आवाज वाढवा. तीन वैद्य, तीन काढे. मी आधी कापलं, मग वाढवलं, दोन्ही वेळा बिघडलं. दुखणं बार १७ मध्ये नव्हतंच. बार १४ मध्ये मी मूळ कॉर्डवर (जिथे तुकडा घरी पोचल्यासारखा वाटतो), बेसमध्येही, म्हणजे सगळ्यात खाली, मूळ सूरच ठेवून, असा ठाम मुक्काम केला होता की तुकडा तिथेच संपला होता. पुढचं सगळं म्हणजे उठून चपला घातल्यावर दारात सुरू झालेल्या गप्पा. बार १४ मध्ये बेसला मूळ सुराऐवजी त्याच कॉर्डचा तिसरा सूर ठेवला. एवढा एकच सूर बदलला. बार १७ बद्दल नंतर कुणी अवाक्षर काढलं नाही. त्यामुळे तिघांनी एकच जागा दाखवली तर जागेवर विश्वास ठेवा, उपाय मात्र स्वतःच शोधा, आणि तो शोधताना दोन-चार बार मागे जाऊन बघा.

सूचना नाकारायचा हक्क आहेच. फक्त जुनी फाइल पुसू नका, नावात तारीख घालून नवी करा. रशियन संगीतकार चायकॉव्स्कीने १८७४ च्या डिसेंबरात आपला पहिला पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) पियानोवादक निकोलाय रुबिनस्टाइनला वाजवून दाखवला आणि त्याने तो मोडीत काढला. हा प्रसंग आपल्याला चायकॉव्स्कीच्याच तीन वर्षांनंतरच्या पत्रातून कळतो, म्हणजे एकतर्फी जबानी आहे हे लक्षात ठेवावं. एक सूरही बदलणार नाही, असं चायकॉव्स्की तेव्हा म्हणाला आणि कॉन्चेर्टो तसाच छापला. पण पुढच्या वर्षांत त्याने बदल केलेच. सुरुवातीच्या ज्या दणदणीत कॉर्ड आज सगळे ओळखतात, त्या पहिल्या आवृत्तीत एकामागून एक सुटणाऱ्या सुरांच्या होत्या. आणि रुबिनस्टाइनने १८७५ मध्येच मॉस्कोत त्याच कॉन्चेर्टोचं संचालन केलं.

पाच माणसं जमत नसतील तर दोघं पुरेत, ब्राम्स-योआखिमही दोघंच होते. महिन्याला एक तुकडा, जास्तीत जास्त दोन पानांचा. पुढच्या वेळी अख्खा तुकडा परत ऐकवू नका. बदललेले बार तेवढे आधीचे आणि आताचे, लागोपाठ वाजवा आणि कुठला कुठला ते आधी सांगू नका. मी बार १४ असाच वाजवला होता. बाई पटकन “हा दुसरा छान आहे” म्हणाल्या, मग स्वतःच हसत पर्स उघडली.