प्रतिकारशक्ती कमी आहे? मग या चुका टाळा

केमो चालू असताना ताप आला की घरातलं कुणीतरी पॅरासिटामॉल देतं, घाम फुटतो, ताप उतरतो आणि सगळे निवांत झोपतात. नागपुरातल्या धंतोलीच्या दवाखान्यांत सिस्टर म्हणून इतकी वर्षं काढली, पण हा प्रकार काही थांबत नाही.

केमोनं पांढऱ्या पेशी घटल्या की जंतुसंसर्ग झाला तरी पू धरत नाही, लाली-सूज दिसत नाही, छातीचा एक्स-रेसुद्धा स्वच्छ येऊ शकतो. खूण उरते ती तापाची, आणि आपण तीच गोळीनं पुसून टाकतो. थर्मामीटरवर १००.४ फॅरेनहाइट दिसलं की रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. ‘सकाळी ओपीडीत दाखवू’ म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. मी नातेवाइकांना कॅलेंडरवर केमोनंतरचे ७ ते १४ दिवस लाल पेनानं घेरायला लावते. पेशी बहुधा त्याच दिवसांत तळाला जातात.

दुसरी खोड म्हणजे दुकानदाराला लक्षणं सांगून औषध आणणं. काटोलकडचे एक काका, किडनी बदललेली. खोकला झाला. नागपूरला यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो, म्हणून गावातल्या दुकानातून क्लॅरिथ्रोमायसिन आणलं. थोड्याच दिवसांत हात असे थरथरायला लागले की चहा बशीत कमी अन् सदऱ्यावर जास्त. मुलाला वाटलं अशक्तपणा, त्यानं सलाईन लावून आणलं! आमच्याकडे आले तेव्हा क्रिएटिनिन (किडनीचं काम सांगणारी रक्ततपासणी) चढलेलं आणि रक्तात टॅक्रोलिमस भरमसाट. टॅक्रोलिमस म्हणजे शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून रोज घ्यायचं, प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक टॅक्रोलिमसचा निचरा होऊ देत नाही, त्यामुळे रोजचाच डोस अंगात साचत जातो. टीबीचं रिफॅम्पिसिन नेमकं उलटं करतं, पातळी पाडतं, आणि शरीर किडनी नाकारू शकतं. दुखण्यावरचं डायक्लोफिनॅक तर सरळ किडनीवरच घाव घालतं. काकांची किडनी वाचली. मुलगा मात्र अजून म्हणतो, ‘सिस्टर, खोकल्याचीच तर गोळी होती.’ तेव्हापासून मी प्रत्येकाला गोळ्यांच्या डब्यावर ‘किडनी बदलली आहे, टॅक्रोलिमस चालू’ अशी चिठ्ठी चिकटवायला सांगते. डबा दाखवल्याशिवाय नवी गोळी घ्यायची नाही.

काकांनी जाताना विचारलंच, बागेतली संत्री चालतील का? चालतील, धुऊन, सोलून. ग्रेपफ्रूट आणि पपनस नको, तीही टॅक्रोलिमस साचवतात.

टॅक्रोलिमसची लेव्हल (रक्तातली पातळी) तपासायला सकाळचा डोस घेऊन येऊ नका, रक्त वाया जातं. उन्हाळ्याआधी कूलरच्या जुन्या ताट्या रुग्णानं झटकायच्या नाहीत, बुरशी थेट छातीत जाते. आणि २०२१ मध्ये काळ्या बुरशीनं डोळे, जबडे गेलेले पाहूनही ‘ताकदीची गोळी’ म्हणून प्रतिकारशक्ती घटवणारं स्टेरॉइड खाणाऱ्यांना काय सांगायचं?

कॅन्सरची गोष्ट तर कुणी काढतच नाही. जी यंत्रणा विषाणूंना दाबून ठेवते तीच ढिली पडली की एचपीव्ही या विषाणूमुळे गर्भाशयमुखाचा आणि ईबीव्ही या विषाणूमुळे लसिकाग्रंथींचा (मान, काखेतल्या गाठींचा) कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. एचआयव्हीसह जगणाऱ्या बायकांमध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका सुमारे सहा पट असतो, म्हणून त्यांची तपासणी २५ व्या वर्षापासून सुरू करायची. ‘सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) चांगला आलाय, आता कशाला?’ असं म्हणून ताई उठून जातात. त्यांना मी पुन्हा बसवते. आणि किडनी बदललेल्या माणसाच्या मानेत गाठ आली तर ती घरी शेकत बसू नका, त्याच आठवड्यात दाखवा.