ऑर्किड आणायच्या आधी टाकी आणा

ऑर्किड लावायचं मनात असेल तर पहिली खरेदी रोपाची नाही, टाकीची. काळी, घट्ट झाकणाची, हजार लिटरची, आणि मृग लागायच्या आत गच्चीच्या किंवा पत्र्याच्या पन्हळीखाली बसलेली. मागच्या वेळी माझ्याकडून राहिलं ते एवढंच. सावली होती, कोळसा होता, खत होतं, पाणी मात्र बोअरचं होतं आणि रोपं गेली. म्हणून ही यादी पाण्यापासून सुरू होते आणि मध्येमध्ये पाण्यावरच येते, त्याला इलाज नाही.

आपल्या मराठवाड्यातल्या काळ्या पाषाणातून येणारं बोअरचं पाणी किती जड असतं ते गिझरच्या कॉइलला विचारा. तेच पाणी जास्वंद नि मोगरा वर्षानुवर्षं पितात, कारण त्यांच्या मुळांना भरपूर माती असते. झाडावर राहणाऱ्या ऑर्किडला माती नसतेच. त्याच्या मुळावर मेलेल्या, पोकळ पेशींचं जाड पांढरट आवरण असतं, त्याला वेलामेन म्हणतात. कोरडं असताना ते रुपेरी दिसतं, पाणी पडलं की बघता बघता हिरवं होतं. पाणी ओढून धरायचं काम त्याचं, आणि पाण्याबरोबर आलेले क्षारही तिथेच साठत जातात. मुळाचं वाढतं टोक ओलसर हिरवं किंवा जांभळट असतं. ते आधी तपकिरी पडतं, मग काळं, आणि मूळ थांबतं. नंतर पानांची टोकं वाळतात. आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून आपण तेच पाणी आणखी घालतो.

पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो, तो घ्या. आकडा दोनशेच्या आत असेल तर पाणी चालतं. कित्येक बोअरचा आकडा हजारावर जातो. पावसाच्या पाण्याचा पन्नासच्याही खाली असतो. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी झाडांना घालायची आपल्याकडे सवय आहे, ते ऑर्किडला घालू नका. गाळून काढलेले सगळे क्षार त्यातच असतात. कूलरच्या टाकीतलं तर अजिबात नको, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहून दाट होतात. जड पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरचंही नको, त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेलं असतं. पावसाचंच हवं.

आता कोणी म्हणेल, जिथे 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं तिथे हे लाड कशाला. हिशेब मांडून बघा. पाचशे चौरस फूट गच्चीवर एक इंच पाऊस पडला तर साधारण पावणेबाराशे लिटर पाणी येतं. सांडलवंड धरली तरी एका चांगल्या पावसात टाकी भरत येते. दहा रोपांना मिळून रोज पाच लिटर लागलं तर दिवाळीपासून मृगापर्यंत हजार-बाराशे लिटर पुरतं. नळाच्या पाण्याला हात लावावा लागत नाही. पहिली सर वाहून जाऊ द्या, गच्चीची धूळ आणि कबुतरांची घाण त्यात असते. तोंडाला पातळ सुती कापड बांधा, नाहीतर डेंग्यूचे डास घरातच पैदा होतील. टाकी काळीच घ्या, पांढऱ्यात शेवाळ धरतं.

मग रोपं. इंटरनेटवर ‘हार्डी ऑर्किड’ म्हणून जी दिसतात, सिप्रिपेडियम, डॅक्टिलोऱ्हायझा वगैरे, ती बर्फात तग धरणारी आहेत. त्यांना हिवाळ्यात कडाक्याची थंडी लागते. आपला प्रश्न उलटा आहे, आपल्याला एप्रिल-मे काढायचा असतो, बेचाळीस अंश आणि हवेत ओल नाही. अशात सगळ्यात भरवशाचं रोप म्हणजे व्हँडा टेसेलाटा. काही ठिकाणी त्याला रास्ना म्हणतात. महाराष्ट्रातल्या कोरड्या पानगळीच्या जंगलात हे मुळातच आहे. पिवळट-तपकिरी पाकळ्यांवर चौकड्यांची नक्षी, निळसर-जांभळा ओठ, वासही छान. जमिनीत लावायचं असेल तर स्पॅथोग्लॉटिस, नर्सरीवाले ‘ग्राउंड ऑर्किड’ म्हणून देतात. डेंड्रोबियमचे संकर, सोनिया वगैरे, सावलीत चांगले येतात. सीतेची वेणी, म्हणजे आसामचं राज्यफूल, इथेही येते, पण तिला ओल जास्त लागते, ती दुसऱ्या वर्षी आणा. फॅलेनॉप्सिस, दुकानात एसीत ठेवलेलं ते मोठ्या पांढऱ्या फुलांचं, आपल्या अंगणासाठी नाही. भेट आलं तर घरात ठेवा, बाहेर काढू नका.

खरेदी जुलै-ऑगस्टमध्ये. उन्हाळ्यात कुरिअरने मागवू नका, बंद खोक्यात तीन दिवस तापलेलं रोप उघडताना शिजलेलं निघतं. आणि टाकीत पाणी पडल्याशिवाय तर मागवूच नका. नर्सरीत गेलात तर फूल बघू नका, मुळं बघा. बोटाने दाबून कडक लागली पाहिजेत. रोप धरून हलकेच हलवा, डुगडुगत असेल तर मुळं गेलेली आहेत. एखादा नवा कोंब असावा. पानांच्या बेचक्यात कापसासारखं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, ते रोप घेऊ नका. ‘फुलावर येणारं रोप’ असं स्पष्ट सांगून मागा. टिश्यू कल्चरची बोटभर पिल्लं स्वस्त पडतात, पण फुलायला वर्षं घेतात आणि पहिल्या उन्हाळ्यातच जातात. घाटात रस्त्याकडेला जंगलातून ओरबाडलेली विकायला ठेवतात, ती घेऊ नका. ऑर्किडचं अख्खं कुळ साइटीस करारात, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, जंगलं रिकामी होत चालली आहेत, आणि झाडावरून खेचताना मुळं तुटलेली असल्याने ती रोपं सहसा जगतही नाहीत.

घरी आल्यावर पंधरा दिवस वेगळं ठेवा.

कुंडी मातीची, बाजूला भोकं असलेली. आत लाकडी कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्या. शेंड्या आधी दोन-तीन दिवस भिजवा आणि पाणी बदला, त्यांच्यातही मीठ असतं. भिजवायलासुद्धा पावसाचंच पाणी. काळी माती चिमूटभरही नको. स्पॅथोग्लॉटिस तेवढं मातीतलं, त्याला पोयटा, वाळू आणि मुरलेलं शेणखत. नुसत्या काळ्या मातीत तेही पावसाळ्यात कुजतं.

व्हँडाला कुंडीची गरजच नाही. आंब्याच्या किंवा चिंचेच्या बुंध्याला उत्तरेकडून किंवा पूर्वेकडून सुतळीने घट्ट बांधा, पावसाळ्याच्या सुरुवातीला. दिवाळीपर्यंत मुळं सालीला चिकटतात, मग सुतळी आपोआप कुजून पडते. पेरूला बांधू नका, त्याची साल सुटते आणि रोपासकट खाली येते.

शेडनेट एरवी पन्नास टक्क्यांचं, मार्चपासून पंचाहत्तरचं. कडुनिंबाखाली जागा असेल तर ते नेटपेक्षा बरं. पश्चिमेचं ऊन पूर्ण अडवा. मे महिन्यात बाजूने ओले गोणपाट टांगा, खाली पसरट ताटात खडी आणि पाणी ठेवा. गोणपाटाला आणि ताटाला बोअरचं पाणी चालेल, ते मुळांना लागत नाही. फवारायचं मात्र टाकीतलंच. सकाळी लवकर आणि उन्हाळ्यात परत सूर्य कलल्यावर. दुपारी तापलेल्या पाइपचं पाणी कुठल्याच झाडाला घालू नये, ऑर्किडला तर नाहीच.

खत 19:19:19, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, कृषी सेवा केंद्रात मिळतं. लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा, वाढीच्या दिवसांत. त्याहून जास्त नको, खत म्हणजेही क्षारच. महिन्यातून एकदा नुसत्या पावसाच्या पाण्याने कुंडी धुऊन काढा. डीएपी, युरिया नको.

पावसाळ्यात गोगलगायी. 2022 मध्ये आपल्याकडे त्यांनी सोयाबीनचं काय केलं ते आठवा. त्या रात्री येतात आणि मुळांची कोवळी टोकंच खातात. बॅटरी घेऊन वेचा, मिठाच्या पाण्यात टाका, पण ते पाणी कुंड्यांजवळ ओतू नका. रोपाच्या शेंड्यात पाणी साचून राहिलं तर कापसाने टिपा. कुजलेला भाग कापून दालचिनीची पूड लावा.

थंडीत पाणी कमी, दोन-तीन दिवसांनी एकदा. परभणीकडे पारा एक आकडी झाला की डेंड्रोबियम रात्री आत घ्या. कुंडी बदलायची तर फुलं संपल्यावर, दोन-तीन वर्षांनी.

फेब्रुवारीत टाकीत काठी बुडवून बघा. निम्म्याच्या खाली गेली असेल तर एसीच्या नळीखाली बादली लावायला लागा, ते पाणी क्षारांशिवायचं असतं. दुसरी टाकी ठेवायला जागा असेल तर यंदाच घ्या.