नाशकात रेस्क्यूच्या कामाला येताय?

मी मूळची दोडामार्गची, बारमाही ओल्या, हिरव्यागार रानात वाढलेली. चौदा वर्षांपूर्वी नोकरीसाठी नाशकात आले, तेव्हा इथलं रान मला रानच वाटेना. बोडके डोंगर, द्राक्षबागा, उसाचे फड! पण इथल्या बिबट्याचं घर तो फडच असतो, हे कळायला मला दोन हिवाळे गेले. आता बाहेरगावाहून आलेली मुलंमुली विचारतात, "ताई, मलाही जखमी प्राण्यांसाठी काम करायचंय, सुरुवात कुठून करू?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी रेबीजची लस घ्या. चावा बसायच्या आधीच घ्यायचे तीन डोस असतात: पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. धनुर्वाताचं इंजेक्शनही बघून घ्या. खोली अजून शोधत असाल तर म्हसरूळ, दिंडोरी रोड, पंचवटी बघा. वनविभागाचं उपचार केंद्र म्हसरूळला आहे, आणि डिसेंबरातल्या पहाटे सिडकोहून गाडीवर यायचं म्हणजे हात बधिर होतात.

पहिले दोन महिने प्राणी हातात मिळेल अशी आशा धरू नका. पिंजऱ्यातले कागद बदलायचे, पपई-पेरू चिरायचे, भांडी जंतुनाशकात बुडवायची, नोंदवही लिहायची. नोंदवहीत नुसतं 'निफाड' लिहून चालत नाही. गाव, शिवार, कुणाचा मळा, विहिरीच्या कुठल्या अंगाला, सगळं हवं. बरा झालेला जीव शक्यतो सापडला त्याच भागात सोडायचा असतो, आणि तो पत्ता तुमच्या अक्षरावर अवलंबून असतो.

माझ्या हातून झालेली चूक सांगते. पहिल्याच उन्हाळ्यात गच्चीवर धापा टाकणारं होल्याचं पिल्लू सापडलं. मी ड्रॉपरने त्याच्या चोचीत पाणी सोडलं. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच असतं. पाणी थेट फुप्फुसात गेलं आणि माझ्या ओंजळीतच पिल्लू गेलं. तेव्हापासून प्रत्येकाला सांगते: पाणी पाजू नका, दूध तर नकोच. भोकं पाडलेलं खोकं, आत सुती कापड, अंधार आणि शांतता. एवढं करा आणि 1926 या वनविभागाच्या क्रमांकावर फोन करा.

जानेवारी आमचा सगळ्यात जड महिना. येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गच्च्यागच्च्यांवर आसारी, म्हणजे पतंगाच्या दोऱ्याची फिरकी, फिरते. पतंगावर माझा राग नाही, नायलॉन मांजावर आहे. बंदी असूनही तो येतोच. घारीच्या पंखात तो अडकला की ती सुटायला फडफडते आणि प्रत्येक फडफडीला दोरा आणखी खोल जातो. अशा वेळी आधी डोळ्यांवर कापड टाकायचं. अंधार झाला की घार शांत होते, छातीची धडधड बोटांना जाणवते. दोरा ओढायचा नाही. जखमेत रुतलेला तुकडा डॉक्टरच काढतील. तुम्ही बाहेरचा लोंबता दोरा तेवढा छोट्या कात्रीने कापा. झाडांवर उरलेला मांजा पुढे महिनोन्महिने वटवाघळं आणि घुबडं अडकवतो, म्हणून संक्रांतीनंतरच्या रविवारी आम्ही तो काढत फिरतो. पहिल्या दिवसापासून तुम्ही करू शकाल असं हे काम आहे.

ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडतात, तेव्हा मात्र मागे राहायला शिका. ती पोरकी नसतात. आई आजूबाजूलाच असते, माणसं हटायची वाट बघत. वनविभागाचे लोक आणि डॉक्टर पिल्लं तपासतात, मग संध्याकाळी त्याच जागी टोमॅटोच्या कॅरेटमध्ये ठेवतात आणि ट्रॅप कॅमेरा लावतात. आपलं काम गर्दी थोपवायचं. फोटोसाठी पुढे सरकणाऱ्या भाऊंना, काकांना हात जोडून मागे न्यायचं, टोळीतल्या बायकांना आज हा कोपरा सोडा म्हणून समजवायचं. पिल्लू कुशीत घेऊन सेल्फी काढणारा स्वयंसेवक मला चालत नाही, मग तो कितीही कष्टाळू असो. एकदा मखमलाबादच्या पुढे रात्रभर गाडीत बसलो होतो. पहाटे कॅमेऱ्यात पाहिलं: आईने पंज्याने कॅरेट आडवं केलं, एकेक पिल्लू मानेला धरून नेलं. दुसऱ्या फेरीनंतर ती परत आली, रिकामं कॅरेट हुंगलं आणि गेली.

पावसाळ्यात सापांचे फोन वाढतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ओळखायला जरूर शिका, पण परवानगी आणि प्रशिक्षणाशिवाय बिनविषारी धामणीलाही हात लावू नका. नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात हिवाळ्यात एकदा तरी या. उपचार करून आपण ज्यांना सोडतो ते पक्षी तिथे मोकळे बघायला मिळतात.

आणि येताना घरातले जुने सुती पंचे आणा. जानेवारीत ते कधीच पुरत नाहीत.