साठीनंतरची वार्षिक तपासणी कशी करून घ्यावी

‘८० चाचण्या, घरी येऊन रक्त नेऊ’ ही जाहिरात बघून आईबाबांसाठी पॅकेज बुक करणं सोपं आहे. त्या ८०मध्ये एकट्या सीबीसीचेच (रक्तपेशींची मोजणी) वीसेक आकडे मोजलेले असतात, ते सोडा. म्हातारपणी माणूस अंथरुणाला खिळतो तो पुष्कळदा पडल्यामुळे, नीट न दिसल्यामुळे किंवा गोळ्यांच्या गोंधळामुळे. यातलं बरंचसं रक्तात सापडत नाही. तेव्हा सुरुवात घरापासून करा.

१. औषधांची पिशवी भरा
उशाशी, फ्रिजमध्ये, पर्समध्ये असेल ते सगळं एका पिशवीत घाला. चूर्ण, डोळ्यांचे थेंब, गुडघ्यासाठी केमिस्टकडून परस्पर आणलेल्या गोळ्याही. आता पाकिटावरचं ठळक नाव सोडून त्याखालचं बारीक नाव वाचा. फिजिशियनने लिहिलेली गोळी वेगळी, हृदयरोगतज्ज्ञाने लिहिलेली वेगळी, आणि आत दोन्हीकडे टेलमिसार्टन हे बीपीचं औषधच, असं होतं. स्ट्रिप कापताना नावाची बाजूच गेली असेल, तर बिल शोधा. गुडघेदुखीची गोळी रोज चालू असेल तर आवर्जून सांगा. अशा बऱ्याच गोळ्या बीपी वाढवतात आणि किडनीला जड जातात.

२. पिशवी घेऊन फॅमिली डॉक्टरकडे जा
बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा नको. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीला लावून शांत बसू द्या. मग उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजायला सांगा. हे सांगावंच लागतं, गर्दीच्या ओपीडीत आपणहून क्वचितच होतं. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा अधिक उतरला, तर रात्री लघवीला उठताना येणाऱ्या चक्करचं कारण तेच असू शकतं.

चालण्याची परीक्षा घरीही होते. खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीने ३ मीटर जायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे, डॉक्टरांना सांगा. बाजूला कोणीतरी उभं राहा मात्र.

३. मग रक्त-लघवी
बहुतेकांना सीबीसी, उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे), टीएसएच (थायरॉइड), क्रिएटिनिन (किडनी) आणि लघवी एवढं पुरतं. कृश माणसाचं क्रिएटिनिन किडनी थकलेली असूनही नॉर्मल दिसू शकतं, म्हणून वय धरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाज, बघा. शाकाहारी असतील किंवा मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल, तर बी१२ जोडा. मधुमेह असेल तर लघवीतलं अल्ब्युमिन.

सीईए, सीए-१२५ असले ‘कॅन्सर मार्कर’ काही त्रास नसताना करू नका. उगाच जिवाला घोर. बाबांच्या पीएसएचं (प्रोस्टेटची रक्तचाचणी) डॉक्टरांशी बोलून ठरवा.

उपाशीपोटी म्हणजे किमान ८ तास, पाणी चालतं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन त्या सकाळी कधी घ्यायचं, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

४. डोळे, तोंड, कान, हाडं
चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं नाही. काचबिंदू बहुधा न दुखता कडेची नजर खातो. डोळ्यातला दाब आणि मागची नस नेत्रतज्ज्ञाकडूनच बघून घ्या. थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसतं, सोबत जा. मिश्री लावणाऱ्या, तंबाखू खाणाऱ्या माणसाचं तोंड आतून बघायलाच हवं. टीव्हीचा आवाज वाढत चालला असेल तर कान. पासष्टीपुढच्या बायकांनी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करावी.

५. खर्च
आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात, बीपी, साखर आणि तोंडाची प्राथमिक तपासणी मोफत होते. ७० आणि त्यापुढच्यांचं सरकारी आरोग्य विम्याचं वय वंदना कार्ड वर्षाला ५ लाखांपर्यंत असलं, तरी ते भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. पॅकेजचं बिल त्यातून निघत नाही.

६. रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवा
फक्त ठळक आकडे बघू नका. आईचं हिमोग्लोबिन गेल्या वर्षी १४ होतं, यंदा १२.२ आहे. लॅबच्या लेखी दोन्ही नॉर्मल, पण ही घसरण डॉक्टरांना दाखवायची. त्याच भेटीत लशींचंही विचारून घ्या: फ्लूची दर वर्षी लागते, न्यूमोनियाची कधी आणि कोणती ते डॉक्टर सांगतील.