इनिटरॅमएफएसवर अडकलात? एफएससीके मारायच्या आधी हे बघा

लिनक्सवाला कॉम्प्युटर लॉगिन स्क्रीनपर्यंत पोचलाच नाही, काळ्या स्क्रीनवर बिझीबॉक्स असं काहीतरी आलं आणि खाली कंसात इनिटरॅमएफएस लिहून नुसता कर्सर लुकलुकतोय, अशा वेळी नव्वद टक्के लोक फोन काढून सर्च करतात आणि पहिली दिसेल ती एफएससीके मायनस वाय (डिस्कवरची फाइलसिस्टिम तपासून सगळ्या प्रश्नांना हो म्हणत दुरुस्त करणारी कमांड) मारून मोकळे होतात. कधी चालून जातं पण कधी कधी होता नव्हता तो डेटाही जातो, म्हणून म्हटलं त्या शेलमध्ये (म्हणजे कमांड टाइप करायच्या त्या काळ्या स्क्रीनमध्ये) नेमकी काय हत्यारं असतात आणि कुठलं कधी काढायचं ते एकदा नीट लिहूया. (कमांड मी उच्चारानुसार देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या.)

आधी हे आहे काय ते. कर्नल (लिनक्सचा गाभा) लोड झाला की लगेच खरी डिस्क माउंट (वापरासाठी जोडली) होत नाही. बूटलोडरने (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम, बहुतेक ठिकाणी ग्रब) कर्नलसोबत एक छोटी कॉम्प्रेस केलेली सीपीआयओ आर्काइव्ह फाइल दिलेली असते, ती रॅममध्ये उघडते आणि तीच तात्पुरती रूट (मुख्य फाइलसिस्टिम) बनते, हेच इनिटरॅमएफएस. डिस्कचे ड्रायव्हर लोड करणं, एन्क्रिप्शनचा पासवर्ड विचारणं, एलव्हीएम (पार्टिशन एकत्र बांधून वापरायची व्यवस्था) जोडणं ही कामं तिची. खरी रूट सापडली की ती बाजूला होते, नाही सापडली की तुम्हाला शेलमध्ये सोडून देते. म्हणजे तुम्ही रॅममध्ये बसलेले आहात, इथे बनवलेली फाइल रिबूटला गायब, आणि इथे डिस्क अजून माउंट नसते हे तर उलट रिपेअरसाठी चांगलंच.

बिझीबॉक्स म्हणजे एकाच बायनरीत कोंबलेल्या एलएस, कॅट, ग्रेप, सेड वगैरे कमांड. ब्रूस पेरेन्सने 1995 मध्ये डेबियनच्या इन्स्टॉल फ्लॉपीसाठी तो सुरू केला, सगळं एका फ्लॉपीत बसवायचं होतं. म्हणून इथे चैनीच्या गोष्टी नाहीत. नॅनो एडिटर नाही, व्हीआय पण बहुतेक वेळा नाही, डिस्कची यादी दाखवणारं एलएसबीएलके मारलं तर नॉट फाउंड. नुसतं बिझीबॉक्स टाइप करून एंटर मारा, आत काय काय आहे त्याची यादी येते, शिवाय एलएस स्लॅश एसबिन बघा.

आता मुख्य काम. काहीही दुरुस्त करायच्या आधी तीन गोष्टी फक्त बघायच्या, याने काही बिघडत नाही.

पहिली, कॅट स्लॅश प्रॉक स्लॅश पार्टिशन्स. डिस्क कर्नलला दिसतेय का? यादीत एसडीए किंवा एनव्हीएमई वालं काहीच नसेल तर एफएससीके मारणार कशावर? अशा वेळी केबल, ड्रायव्हर नाहीतर बायोस सेटिंग. बायोस रिसेट झाला आणि स्टोरेज मोड एएचसीआयवरून रेडवर गेला तरी डिस्क अशीच गायब होते, आणि माणूस उगाच नवी एसएसडी घ्यायला निघतो. ड्रायव्हरची शंका असेल तर मॉडप्रोब एनव्हीएमई मारून परत यादी बघा.

दुसरी, कॅट स्लॅश प्रॉक स्लॅश सीएमडीलाइन आणि लगेच बीएलकेआयडी. सीएमडीलाइनमध्ये रूट इज इक्वल टू च्या पुढे जो यूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) आहे तो बीएलकेआयडीच्या यादीत आहे का ते अक्षर अक्षर लावून बघा. मी स्वतः यात अर्धी रात्र घालवलीय. नवीन एसएसडीवर सगळं कॉपी केलं, पार्टिशन नव्याने फॉरमॅट केलेलं म्हणजे यूयूआयडी नवा, आणि ग्रब मात्र जुनाच शोधत बसलेला. स्क्रीनवर स्पष्ट लिहिलं होतं, अलर्ट, अमुक यूयूआयडी डझ नॉट एक्झिस्ट, आणि मी तीन वेळा एफएससीके चालवून क्लीन क्लीन वाचत होतो! इलाज दोन मिनिटांचा होता, ग्रब मेनूत ई दाबून लिनक्सवाल्या ओळीत नवा यूयूआयडी टाकायचा, एफ 10 ने बूट करायचं, आत गेल्यावर एफएसटॅब (कुठलं पार्टिशन कुठे माउंट करायचं त्याची फाइल) सुधारून अपडेट-ग्रब मारायचं.

तिसरी, डीमेसेज पाइप मोअर, म्हणजे कर्नलचे मेसेज पानापानाने. मोअर लावाच, नाहीतर सगळं वर पळून जातं. यात आय-ओ एरर परत परत दिसत असतील तर हात मागे घ्या. डिस्क मरायला टेकलीय, एफएससीके तिच्यावर अजून लिहिणार. आधी लाइव्ह यूएसबीवरून डीडीरेस्क्यूने कॉपी काढा.

हे तिन्ही ठीक असेल आणि वर रिक्वायर्स अ मॅन्युअल एफएससीके असा मेसेज असेल तरच एफएससीके. फाइलसिस्टिम ईएक्सटी 4 असेल तर आधी एफएससीके मायनस एन, म्हणजे नुसतं बघतो, लिहीत नाही. चुका किरकोळ वाटल्या की मायनस वाय. सुपरब्लॉकच (फाइलसिस्टिमची मुख्य माहिती असलेला ब्लॉक) गेला असं म्हणाला तर मायनस बी 32768 देऊन बॅकअप सुपरब्लॉक वापरता येतो, 4 केबी ब्लॉक असतील तर तो तिथे असतो. एक्सएफएस फाइलसिस्टिमला मात्र एफएससीके काहीच करत नाही, शांतपणे सक्सेस देतो आणि आपण खूश! तिथे एक्सएफएस-रिपेअर (मध्ये अंडरस्कोअर) लागतं. बीटीआरएफएस फाइलसिस्टिमवर बीटीआरएफएस चेकचा रिपेअर ऑप्शन तर अगदी शेवटचा उपाय समजा.

एन्क्रिप्टेड डिस्कवाल्यांसाठी, क्रिप्टसेटअप लुक्सओपन, पुढे पार्टिशन आणि क्रिप्टटॅबमध्ये (एन्क्रिप्टेड डिस्कच्या नोंदींची फाइल) असलेलंच नाव. मग एलव्हीएम व्हीजीचेंज मायनस एवाय, इथे सुरुवातीचा एलव्हीएम शब्द विसरू नका, नुसतं व्हीजीचेंज बऱ्याचदा सापडत नाही. मग एक्झिट. एक्झिट म्हणजे रिबूट नाही हां, बूट जिथे अडकलं होतं तिथून पुढे चालू होतं.

फेडोरात हेच काम ड्रॅकट करतं, तिथे खरी रूट स्लॅश सिसरूटवर येते (डेबियन-उबंटूत स्लॅश रूटवर) आणि रन फोल्डरच्या इनिटरॅमएफएसमध्ये आरडीएसओएसरिपोर्ट नावाची टेक्स्ट फाइल पडते, पेनड्राइव्ह माउंट करून ती उचला, कुणाला मदत मागायची तर तीच दाखवा.

आणि हे सगळं शांतपणे बघायचं असेल तर मशीन बिघडायची वाट कशाला बघता, डेबियन-उबंटूत ग्रबच्या त्याच ओळीच्या शेवटी ब्रेक इज इक्वल टू माउंट लिहून बूट करा, फेडोरात आरडी डॉट ब्रेक. डेबियन-उबंटूत आत कुठली हत्यारं पॅक झालीत ते चालू सिस्टिमवरूनही एलएसइनिटरॅमएफएसने दिसतं, आणि एखादं हवंच असेल तर ईटीसीमधल्या इनिटरॅमएफएस-टूल्सच्या हुक्स फोल्डरमध्ये छोटी स्क्रिप्ट टाकून कॉपी-एक्झेकने (इथेही अंडरस्कोअर) ते घाला, एक्झिक्युटेबल करायला विसरू नका, आणि मग अपडेट-इनिटरॅमएफएस मायनस यू.