रोमन सैनिकाच्या नडग्या झाकण्याआधी

ऐतिहासिक कार्यक्रमांसाठी हौसेने रोमन सैनिकाचा वेष करताना चिलखत, शिरस्त्राण, ढाल एवढं जमलं की नवख्याची नजर स्वतःच्या उघड्या नडग्यांकडे जाते आणि तो घाईघाईत नडगीकवच, म्हणजे रोमनांचं 'ओक्रेआ', मागवून मोकळा होतो. जरा थांबा. आधी वहीत दोन गोष्टी लिहा: साल आणि हुद्दा. नुसतं 'रोमन सैनिक' म्हणणं म्हणजे नुसतं 'मावळा' म्हणण्यासारखं आहे. कुणाचा, कधीचा, ते ठरल्याशिवाय कपडे कसे ठरणार?

इ.स. ४३ मध्ये ब्रिटनवर उतरलेला साधा लीजनरी, म्हणजे रोमन लीजनमधला पायदळ सैनिक, उभा करायचा असेल, तर पाय उघडेच ठेवा आणि ते पैसे चांगल्या कालिगांवर (तळाला खिळे ठोकलेल्या लष्करी चपलांवर) घाला. सम्राट ट्रेजनच्या डेशियन (आजच्या रुमानियातल्या) मोहिमेतला (१०१-१०६) असेल, तर मात्र पेच आहे. रोममधल्या ट्रेजनच्या स्तंभावर लीजनरींच्या नडग्यांवर कवच नाही, पण रुमानियात आदामक्लिसीला त्याच युद्धांचं जे स्मारक आहे, तिथे नडगीकवचं दिसतात आणि उजव्या हातावर पट्ट्यांचं बाहुकवचही. स्तंभ घडला राजधानीत, स्मारक घडलं सीमेवर. माझा कौल आदामक्लिसीला.

सेंच्युरियनचं, म्हणजे शंभरेक सैनिकांवरच्या अधिकाऱ्याचं, काम सोपं. ऑस्ट्रियातल्या कार्नुन्टुमच्या तितुस कालिदियुस सेवेरुसच्या थडग्याच्या दगडावर आडव्या तुऱ्याच्या शिरस्त्राणासोबत नडगीकवचंही कोरलेली आहेत; वेरोनाच्या सेर्तोरियुस फेस्तुसच्याही पायांवर ती आहेत. दोन्ही दगडांचे फोटो छापून जवळ ठेवा, कारागिराला दाखवायला लागतात. सम्राटांच्या आधीच्या, रोमन प्रजासत्ताकाच्या काळातलं पायदळ करणाऱ्यांनी एकाच पायाचा विचार करायला हरकत नाही. युद्धकलेवर लिहिणारा रोमन लेखक वेजिशियस जुन्या पायदळाच्या उजव्या पायावरच्या कवचाचं सांगतो. तलवारीच्या झटापटीत उजवा पाय पुढे असतो, असंही तोच म्हणतो. खर्चही निम्मा.

आता काय टाळायचं. पॉम्पेईत सापडलेली, गुडघ्याच्याही वर जाणारी नक्षीदार कवचं ग्लॅडिएटरांची आहेत. बाजारात तीच 'रोमन' म्हणून सर्रास विकली जातात, कारण दिसतात झकास. जर्मनीत श्ट्राउबिंगला १९५० मध्ये सापडलेली, गुडघ्याला वेगळा बिजागरीचा तुकडा असलेली कवचं घोडदळाच्या कवायतींची. आणि पोटरीही पूर्ण झाकणारं, मागे बकल असलेलं काही दिसलं, तर ते मध्ययुगातलं. रोमन पत्रा पुढूनच नडगी झाकतो आणि मागे चामड्याच्या वाद्यांनी बांधला जातो. स्टेनलेस स्टील नको. साधं लोखंड किंवा पितळ घ्या. डेहराडूनकडचे कारखाने जगभर असा माल पाठवतात, पण मागवताना 'स्टँडर्ड साइज' असं लिहू नका.

माप आपलं आपणच काढा, तेही कालिगा आणि आत घालणार असाल ते लोकरीचे मोजे चढवून. मोज्यांची लाज नको. ब्रिटनमध्ये हेड्रियनच्या भिंतीजवळच्या विंडोलांडा या रोमन किल्ल्यात सापडलेल्या एका पत्रात सैनिकाला मोजे आणि दोन अंतर्वस्त्रं पाठवल्याची नोंद आहे. गुडघ्याच्या वाटीखालून पाऊल जिथे दुमडतं तिथपर्यंत पुठ्ठा कापा आणि तो बांधून जिना उतरा. खालची कड घोट्यापुढे रुतते की नाही, ते जिन्यावरच कळतं. मी हे केलं नव्हतं. पहिल्याच संचलनात दोनशे पावलांत मोजा लाल झाला आणि उरलेला दिवस मी 'जखमी सैनिक' म्हणून तंबूत बसून काढला. पुठ्ठ्यापेक्षा बोटभर आखूड पत्रा मागा, कडा बाहेर वळवून घ्या, आतून नमदा किंवा जाड लोकर लावा. वाद्या ताणतात, म्हणून भोकं दोन जास्तीची.

आदल्या रात्री पिशवीत सुट्या वाद्या, तेलाचं फडकं, दाभण आणि कालिगांचे चार-सहा जादा खिळे टाका. कार्यक्रम संग्रहालयात असेल तर आयोजकांना फरशी कसली आहे, ते विचारून ठेवा. इ.स. ७० मध्ये जेरुसलेमच्या मंदिराच्या फरसबंदीवर युलियानुस नावाचा सेंच्युरियन बुटांच्या खिळ्यांमुळेच घसरून पडला आणि शत्रूंनी त्याला घेरून मारलं, असं त्या काळचा ज्यू इतिहासकार जोसेफसने लिहून ठेवलंय. तुमच्याभोवती फक्त मोबाईल घेतलेली शाळेची मुलं असतील, पण पत्र्यासकट पडलेल्या माणसाला उठायला जड जातं.